चढावरचा आवाज

कन्हेरवाडीचा चढ लागला. पुढे वीज केंद्रातल्या राखेचा ट्रक ताडपत्री फडफडवत रखडत होता, आणि त्याला मागे टाकावं म्हणून सत्यशीलानं तिसऱ्या गियरवर अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तेव्हा गाडीच्या पुढच्या भागातून तो आवाज पहिल्यांदा आला. पत्र्याच्या डब्यात चार खडे घालून कुणी घाईघाईनं हलवावेत तसा. कोरडा आणि पोकळ. तिनं पाय उचलला तसा थांबला. पुन्हा दाबला, पुन्हा आला. एरवी तिला काळजीच वाटली असती. परळीहून अंबाजोगाईच्या दवाखान्यात दर मंगळवारी वडिलांना, अण्णांना, हातापायांच्या व्यायामासाठी न्यायचं ते याच गाडीतून, आणि गाडी आता म्हातारी झाली होती. पण काळजी करायला सवड मिळाली नाही. तिच्या डाव्या हाताला बसलेल्या अण्णांची मान, जी उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आल्यापासून छातीवर पडलेली असायची, ती वर आली. मागे टेकली. आणि मग सावकाश, एखादं जड झाकण फिरवावं तशी, उजवीकडे वळली. तिच्याकडे, किंवा खरं तर त्या दोघांच्या मधल्या जागेकडे, जिथून आवाज येत होता. पापण्या उघडल्या. मांडीवरच्या चांगल्या हाताची, म्हणजे डाव्या हाताची तर्जनी किंचित वर उचलली गेल्यासारखं वाटलं. हे तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं होतं, आणि नंतर कितीदा आठवूनही तिला त्याची खात्री देता आली नाही.

"अगं बया!" मागच्या सीटवरून बायडाबाई ओरडली. अण्णांना उचलायला-बसवायला ती सोबत यायची. "बगितलं का, ताई? म्हाताऱ्यानं कान टवकारला!"

सत्यशीलानं ट्रकला मागे टाकायचं सोडून दिलं. ट्रक पुढेच राहिला. खिडकीच्या काचेवर राखेचा पातळ थर बसत होता आणि तिला वाटलं, आपण आता बोललो तर आपला आवाज फार मोठा निघेल. त्यांच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलायचे. अण्णांनी सारी हयात वीज केंद्रात टर्बाईनच्या हॉलमध्ये काढली होती. तिथं माणसाचा आवाज माणसाला ऐकू येत नसे, म्हणून ते सगळे हातांनी बोलत, आणि त्यातल्या काही खुणा अण्णांबरोबर घरात आल्या होत्या. तळहात सपाट धरला की सगळं ठीक. मूठ फिरवली की बंद करा. आणि तर्जनी वर केली की गप्प, ऐकू द्या. जेवताना, पाहुण्यांत, आईच्या भांडणाच्या ऐन मध्यावर ती तर्जनी वर व्हायची आणि सगळं घर थिजायचं. अण्णा डोळे अर्धे मिटून बसायचे. मग म्हणायचे, "मोटारीत पाणी न्हाई. कोरडी चाललीय. जा, बंद कर बिभीषण." आणि धाकटा भाऊ बिभीषण धावत जायचा. ते बोट मात्र उजव्या हाताचं असे. हेही तिला आठवलं, पण नंतर, घरी आल्यावर, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

त्रिंबक म्हणजे अण्णा, कोयता घेऊन साखर कारखान्याला ऊसतोडीला जाणाऱ्या घरातले. वीज केंद्रात हेल्पर म्हणून लागले आणि कानाच्या बळावर वर चढले. त्यांच्याकडे हातभर लांबीची एक सळई होती, एका टोकाला लाकडी मूठ. सळईचं टोक यंत्राच्या अंगाला लावायचं आणि मूठ कानाला. खंडेनवमीला तिथं यंत्रांची पूजा असे आणि त्या दिवशी कामगारांच्या बायकामुलांना आत सोडत. सत्यशीला लहान असताना अण्णांनी तिला तसं आत नेलं होतं. झेंडूच्या माळा घातलेलं ते प्रचंड हिरवं धूड, पायाखालची थरथरणारी जाळी, तेलाचा गरम वास. अण्णांनी सळई टेकवली आणि मूठ तिच्या कानात धरली. सगळा कल्लोळ एकदम दूर गेला आणि आत कुणीतरी शांतपणे जात्यावर दळत बसलंय असं ऐकू आलं. बाहेर आल्यावर अण्णांनी विचारलं, "काय ऐकलंस?" तिनं सांगितलं. ते खूश झाले. "दळण चाललंय तवर चिंता न्हाई," ते म्हणाले. "खडा लागला की मला सांग." पुढे ती पदार्थविज्ञान शिकली, कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागली, घन पदार्थातून ध्वनी हवेपेक्षा वेगानं का जातो हे तिनं मुलांना फळ्यावर मांडून दाखवलं, पण दरवर्षी तो धडा आला की तिच्या कानात लाकडाची ती गुळगुळीत, घामानं काळी झालेली मूठ यायची.

त्या मंगळवारनंतर दोनच दिवसांनी ती गाडी घेऊन रेल्वे फाटकाजवळच्या गॅरेजमध्ये गेली. म्हाळू मेकॅनिक तिच्या ओळखीचा होता. त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं. उभ्या गाडीत रेस दिली की येतो का? येत नाही. उतारावर? नाही. पाय काढला की लगेच जातो का हळूहळू? लगेच. सपाट रस्त्यावर हळू वेग वाढवला तर? तरीही नाही. ज्या क्रमानं तो विचारत होता त्याच क्रमानं तिनंही ते आधीच तपासून ठेवलं होतं, आणि ते दोघं काही काळ एकमेकांकडे समाधानानं पाहत राहिले. "मग आता पेट्रोलचं न्हाई, नि इंजिनाचा ठोका बी न्हाई," म्हाळू म्हणाला. "जोर पडला की येतो ना? मग हितं या." त्यानं बॉनेट उघडलं, तिला समोर उभं केलं, स्वतः आत बसला, ब्रेक गच्च दाबून ठेवला आणि क्लच सोडत रेस दिली. गाडी जागची हलली नाही, पण इंजिन हललं. आख्खं इंजिन, एखादा पेंगणारा माणूस दचकून मागे रेलावा तसं मागे कललं, आणि खालून तोच आवाज आला. खडे. म्हाळूनं पाय काढला. इंजिन पुन्हा पुढे येऊन बसलं.

"दिसलं का, म्याडम?" तो उतरून म्हणाला. "फाउंडेशनचं रबर तुटलंय. इंजिन त्याच्यावर बसलेलं असतंय. रबर गेलं की त्याला धर न्हाई ऱ्हात. जोर दिला की मान मागं टाकतंय, नि सायलेन्सरचा पाइप खाली घासतोय. त्याचा आवाज हाय ह्यो. अर्ध्या दिसाचं काम. ठिवून जा."

"राहू द्या," सत्यशीला म्हणाली.

"राहू द्या?" म्हाळूनं हातातलं फडकं थांबवलं. "म्याडम, पाइप फुटंल. मंग आवाज कसला, बोंब मारंल गाडी."

"पुढच्या आठवड्यात आणते."

"कावून? पेशंट घेऊन फिरता तुमी."

तिच्याकडे उत्तर होतं, पण ते म्हाळूला सांगण्यासारखं नव्हतं. परतताना स्टेशनच्या रस्त्यावर तिनं मुद्दाम एकदा जोरात रेस दिली, आणि आवाज आला तेव्हा ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं तिला बरं वाटलं. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी तिला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं की मेंदूचा मोठा भाग गेला आहे. बोलणं येणार नाही. ऐकू जात असेल, पण ऐकलेलं कळतं का, ते सांगता येणार नाही. हाक मारली तर अण्णा बघत नसत. आईचा फोटो समोर धरला तरी नाही. भांडं पडलं तर पापणी फडफडे, पण ती तर कुणाचीही फडफडते, डॉक्टर म्हणाले, त्याला समजणं म्हणत नाहीत. आणि आता हे झालं होतं. भांड्याच्या आवाजाला दचकणं वेगळं आणि दुखऱ्या इंजिनाकडे मान वळवणं वेगळं. आत कुठेतरी, सगळं पडलेल्या त्या घराच्या एका खोलीत, अण्णा सळई घेऊन बसलेले असणार. इतकं तिला पुरेसं होतं. खडा लागला की सांग, असं ते म्हणाले होते. ती सांगत होती.

पुढचे काही मंगळवार ती सुखी होती. हा शब्द तिनं स्वतःशीसुद्धा उच्चारला नाही, पण बायडाबाईच्या लक्षात आलं. "ताई, तुमी आता गाणं म्हणायला लागलाव गाडीत," ती म्हणाली, आणि सत्यशीला लाजली. निघताना ती अण्णांना नीट बसवायची, पट्टा लावायची, जुन्या टॉवेलची घट्ट गुंडाळी करून त्यांच्या डोक्याच्या डाव्या बाजूला खोचायची, नाहीतर खड्ड्यांतून जाताना डोकं काचेवर आपटे. कन्हेरवाडी येईपर्यंत हळू चालवायची. सपाटीवर हळूच वेग वाढवून बघायची: आवाज नाही, मानही नाही. मग चढ लागला की जोरात दाबायची: आवाज, आणि त्याच्या मागोमाग मान. एकदाही चुकलं नाही. कधी ती लागोपाठ दोनदा करायची, मध्ये पाय काढून. मान पुढे यायची आणि पुन्हा वळायची. "अण्णा म्हणत्यात, गाडी दाकवा कुणाला तरी," बायडाबाई मागून म्हणायची. "म्हणत्यात, माझी लेक यवडी शिकली नि हिला खडखड ऐकू यीना!" अण्णांच्या वतीनं बोलायचं कामच तिनं घेतलं होतं. सत्यशीला हसायची. एक गोष्ट करून बघायची तिच्या मनात येऊन गेली होती: घराच्या दारात अण्णांना गाडीत बसवायचं आणि म्हाळूसारखा ब्रेक दाबून, गाडी जागेवर ठेवून, नुसता आवाज काढायचा. साधी गोष्ट होती. वर्गात कुणी विचारलं असतं तर तिनं हेच आधी करायला सांगितलं असतं. ती गोष्ट तिनं केली नाही, आणि का केली नाही हे स्वतःला विचारायचंही टाळलं.

रात्रीचं सगळं आवरलं की ती अण्णांच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून वह्या तपासायची. लग्न करून ती लातूरला गेली होती आणि चार वर्षांत बॅग घेऊन परत आली होती, त्या दिवशीही अण्णा याच पलंगावर बसले होते. आई रडली, शेजारच्या बायका आल्या, बिभीषण कुणाला तरी मारायला जातो म्हणाला. अण्णांनी काही विचारलं नाही. सगळे पांगल्यावर ते तिच्या खोलीच्या दारात आले, वर बघत उभे राहिले, बोट वर केलं आणि म्हणाले, "पंखा घासतोय. उद्या बगतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी तो उतरवून तेल घातलं. तेवढंच. त्या पंख्याखाली ती पुढची अठरा-वीस वर्षं झोपली होती आणि त्याचा कधी आवाज झाला नव्हता. पण अण्णांचा कान चुकतही असे. हे आठवायला तिला आवडत नसलं तरी ते खरं होतं. ती दहावीला असताना त्यांनी एका टर्बाईन संचाच्या बेअरिंगमध्ये दोष आहे असा हट्ट धरला होता. संच थांबवला, उघडला, आत काही निघालं नाही. "त्रिंबकच्या कानात उंदीर शिरलाय बे," असं हॉलमध्ये पुढे कित्येक दिवस चाललं. अण्णा घरी येऊन जेवत आणि ताटाकडे बघत म्हणत, "आवाज व्हता." दुसरा कुणी ऐकणारा नव्हता. तो संच आता भंगारात गेला. आवाज होता की नव्हता हे कळायची सोय राहिली नाही.

बिभीषण यायचा रविवारी. राखेच्या विटांचा त्याचा कारखाना होता, गावाबाहेर, आणि तो आला की दारातल्या पायपुसण्यावर करडे ठसे उमटत. अण्णांच्या पलंगापाशी तो कधी बसत नसे. उभ्यानं बघायचा आणि मग स्वयंपाकघरात येऊन बोलायचा.

"आक्का, बास कर आता. दर मंगळवारी त्या जिवाला वर चढव, खाली उतरव. त्याला काय कळायलंय?"

"कळतंय."

"डागदर म्हणला का?"

"मी म्हणते."

"तू म्हणतीस!" त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "कारखान्यामागं खोली बांधलीय मी. फरशी हाय, पंखा हाय. माणूस ठिवतो रात्रंदिवस. नुसतं पडून ऱ्हाऊ दे त्याला. ही वढाताण कावून? आं? तुझ्यासाठी का त्याच्यासाठी?"

तेव्हा तिनं त्याला सांगितलं. आवाजाचं, चढाचं, मानेचं. बोटाचं सांगितलं नाही. सांगताना तिचा स्वर वर्गातल्यासारखा झाला, पायरी पायरीनं, आणि बिभीषण ऐकता ऐकता खिडकीकडे बघायला लागला. त्यालाही ती तर्जनी आठवत असणार. मोटार बंद करायला तोच धावायचा.

"गाडीचा आवाज ऐकून?" तो म्हणाला.

"हो."

"बरं," तो खिडकीवरून नजर काढत म्हणाला. "ह्या मंगळवारी मी येतो. माझ्या डोळ्यांनी बगू दे. वळवली मान, तर माझी बोलती बंद. तू म्हणशील तवर नेऊ. न्हाई वळवली तर आण्णा माझ्याकडं येणार, नि तू रडायचं न्हाई."

"नाही रडणार," ती म्हणाली. तिला भीती वाटली नाही. इतक्या वेळा पाहिलेली गोष्ट चुकत नसते.

सोमवारी संध्याकाळी ती कॉलेजातून आली तेव्हा दारात गाडी नव्हती. बायडाबाई म्हणाली, दादा घेऊन गेले. अंधार पडता पडता बिभीषण गाडी घेऊन आला. गाडी धुतलेली होती. तो उतरला तो हसतच; लहानपणी परीक्षेत पास झाला की हसायचा तसा.

"म्हाळूनं सांगितलं समदं. फाउंडेशन गेल्तं म्हणं. म्हणला, म्याडमला दोनदा सांगितलं, ठिवीनात गाडी. आक्का, तू काय करायलीस? घाटात पाइप निखळला आसता म्हंजी? म्या करून घेतलं. बस, बगून घे. मांजरावाणी चालतीय."

ती बसली. गल्लीच्या टोकापर्यंत गेली, मुख्य रस्त्यावर आली, जोरात दाबलं. गाडी सरळ, गुपचूप पुढे गेली. तिनं पुन्हा दाबलं. आत फक्त तिचा स्वतःचा श्वास होता. परत आल्यावर ती बिभीषणला म्हणाली, "चांगलं झालं," आणि आत जाऊन मोरीत नळ सोडून उभी राहिली. त्याला तिनं आवाजाचं सांगितलं होतं. मग तोच आवाज त्यानं घालवला कसा? पण त्याच्या डोक्यात ते आलंच नव्हतं. त्याच्यापुरता आवाज म्हणजे बिघाड होता, बिघाड म्हणजे दुरुस्त करायची गोष्ट. आवाज आला की मोटार बंद करायला धावायचं, अण्णांनी त्याला तेवढंच शिकवलं होतं.

मंगळवारी सकाळी तिनं अण्णांना बसवलं, पट्टा लावला, टॉवेल डावीकडे खोचला. बिभीषण मागे, बायडाबाईशेजारी. कन्हेरवाडी आली. उसाचा एक ट्रॅक्टर, मग मोकळा चढ. तिला वाटलं, न दाबताच जावं. दुसऱ्या गियरवर कुरकुरत वर चढावं आणि म्हणावं की आज जमलं नाही. बिभीषण पुढे वाकून अण्णांच्या डोक्याकडे बघत होता. त्याच्या श्वासाला तंबाखूचा वास होता. "आक्का, हाच ना चढ?" तो म्हणाला. तिनं तिसरा टाकला आणि दाबलं. गाडी मांजरासारखी वर निघाली. आणि अण्णांची मान वर आली, मागे टेकली, आणि सावकाश, झाकण फिरवावं तशी, उजवीकडे वळली. पापण्या उघडल्या.

"आक्का!" बिभीषण म्हणाला. त्यानं मागून हात पुढे घालून अण्णांचा खांदा धरला. "आण्णा. आरं आण्णा, म्या हाय, बिभीषण. बगितलं आक्का? माझ्याकडं बगितलं."

"पर आज तर आवाज न्हाई आला," बायडाबाई म्हणाली.

"तेच की!" बिभीषण रडत-हसत म्हणाला. "आवाज कावून गेला, ते बगतोय म्हातारा. गाडी कुणी नीट केली ते बगतोय!"

सत्यशीलाचा पहिला क्षण निव्वळ आनंदाचा होता. तो खरोखरीच एक क्षण टिकला, आणि मग तिच्या पायाला आधी कळलं. पाय आपोआप सैल झाला. अण्णांची मान पुढे आली, हनुवटी छातीला टेकली, पापण्या मिटल्या. पायानं पुन्हा दाबलं. मान मागे, टॉवेलला लागली, उजवीकडे. लहान मुलींची एक बाहुली असते, उभी केली की डोळे उघडणारी. बस सुटली की उभा माणूस मागे का जातो? अकरावीच्या मुलांना ती दर जूनमध्ये विचारायची आणि सगळा वर्ग एका सुरात उत्तर द्यायचा. पायाला वेग मिळतो, डोक्याला अजून मिळालेला नसतो. डोकं जिथं होतं तिथंच राहू बघतं. इतकंच असतं. जे मागे राहिलेलं असतं ते वळून बघतंय असं दिसतं. गाडीनं झेप घेतली की आवाज यायचा, आणि गाडीनं झेप घेतली की मान मागे जायची. दोन्ही एकाच वेळी होत आले, आणि तिनं त्यांना एकदाही वेगळं करून पाहिलं नाही. सपाटीवर हळू वाढवलेल्या वेगात ना आवाज होता, ना मान; ते तिनं पुरावा म्हणून धरलं. इंजिनाला मान मागे टाकताना तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बॉनेटखाली पाहिलं होतं, समोर उभं राहून, आणि तरी.

दवाखान्यातल्या व्यायामाच्या विभागात तिथल्या माणसांनी अण्णांचे हातपाय वरखाली केले. बिभीषण आज आत आला, तिथल्या मुलीला सांगत राहिला, "मॅडम, त्यांना समदं कळतंय बरं का, जरा हळू." सत्यशीला बाहेर बाकावर बसली. तिला अजून एक गोष्ट करायची होती आणि ती टाळता येण्यासारखी नव्हती, कारण आता पडताळणी सुरू झाली होती. परत निघताना तिनं अण्णांना बसवलं, पट्टा लावला आणि टॉवेलची गुंडाळी उजव्या बाजूला खोचली. "ताई, त्या अंगाला कावून?" बायडाबाईनं विचारलं. "बघू," ती म्हणाली. अंबाजोगाईच्या बाहेर रस्ता सपाट आणि मोकळा आहे. तिनं जोरात दाबलं. मान वर आली, मागे टेकली, आणि सावकाश डावीकडे वळली. खिडकीकडे, तिच्यापासून दूर. दुसऱ्या वेळीही डावीकडे. तिसऱ्या वेळी समोर घाटमाथा आला आणि खाली परळीच्या वीज केंद्राच्या चिमण्या धुरकट उन्हात दिसायला लागल्या.

"आता भाईर बगतोय," बिभीषण मागून हळूच म्हणाला, मंदिरात बोलावं तसा. "चिमण्या बगतोय, आक्का. त्याचं टर्बाईन बगतोय."

तिनं गाडी उतारावर घातली. सांगावं, असं तिच्या तोंडाशी आलं. वाक्यंही तयार होती, पायरी पायरीनं. ती बरोबर होती आणि त्यांत कुठेही फट नव्हती. ते बोट तेवढं राहत होतं, पहिल्या दिवसाचं. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून एकदा पाहिलेल्या, पुन्हा कधी न घडलेल्या गोष्टीवरून काही म्हणता येत नाही, हे ती मुलांना शिकवत आली होती. अशी नोंद सोडून द्यायची असते. आवाज व्हता, अण्णा ताटाकडे बघत म्हणाले होते. आरशात तिला बिभीषण दिसला. त्यानं अण्णांच्या खांद्यावरचा हात अजून काढला नव्हता. झटका आल्यापासून त्यानं त्यांना हात लावल्याचं तिला आठवत नव्हतं.

"माझी बोलती बंद," तो म्हणाला. "दर मंगळवारी म्या येणार. इटा गेल्या खड्ड्यात."

पुढच्या मंगळवारी तो वेळेच्या आधीच आला. दाढी केलेली, स्वच्छ शर्ट घातलेला, अण्णांना ओळख पटायला बरं म्हणून. त्यानं आणि बायडाबाईनं मिळून अण्णांना उचलून बसवलं. बिभीषण मागच्या सीटवर मधोमध बसला, दोन सीटांच्या मधून तोंड पुढे काढून, म्हणजे अण्णा वळले की समोर तोच दिसावा. सत्यशीलानं पट्टा लावला. टॉवेल हातात घेऊन ती जराशी थांबली. मग तिनं त्याची घट्ट गुंडाळी केली आणि डाव्या बाजूला खोचली, दाबून, सरकणार नाही अशी.

राखेचे ट्रक, ताडपत्र्या, फाटक. कन्हेरवाडीची घरं मागे पडली आणि रस्ता वर उचलला. तिनं एकदाच अण्णांच्या मांडीवरच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो होता तसाच पडलेला होता, बोटं सैल, नखांच्या कडा राखाडी.

"आण्णा, म्या हितं हाय बरं का," बिभीषण म्हणाला. "आक्का, आला चढ. दाब की."

तिनं रस्त्याकडे बघत दाबलं.